दहावा

शनिवारी सकाळी पोरगा चालत आला,
अनवाणी, खांद्यावर काळ्या पट्ट्यांची पांढरी शाल.
म्हणाला, काका, नऊ झालेत.
हरमलला एवढंच सांगावं लागतं.
मी टोपी शोधली. ती फ्रीजच्या हत्यारांच्या पेटीत निघाली.

वाटेत दाजी सोडेवाला.
"हनोखराव, तुमच्या लोकांनी बरी जिरवली हां!"
मोबाईल पुढे केला. धूर, धुरावर लावलेलं गाणं.
माझे लोक रेवदंड्याचे, दाजी, म्हटलं,
निम्मे कबरीत, उरलेले अश्दोदला,
त्यांचा फोन दिवाळीलाच येतो.
दाजी हसला. त्याला वाटलं, मी लाजतोय.

पुढे बशारत, शटर अर्धं वर.
"शब्बात शालोम." उच्चार माझ्याहून चोख.
पंधरा सीझन ह्या पोरांना पैंजण विकून शिकला,
घासाघीस, शिव्या, आणि परत ये.
त्याच्या गावची बातमी मी विचारत नाही,
माझ्या लोकांची तो विचारत नाही.
दोघांनी मिळून पावसाबद्दल बोलायचं ठरवलेलं आहे,
डिसेंबरातसुद्धा.

बंगल्याच्या फाटकात वाळूची पोती,
पोत्यांआड पेडण्याचा शिपाई, जांभई.
आत एकाने अडवलं. वय बावीस, दाढी नवीन.
तू नक्की आहेस ना? आईकडून?

एकसष्ट साली सिप्पोराआत्याला हेच विचारलं होतं,
तिकडे, लग्नाआधी, कचेरीत:
आजीच्या आजीचं नाव कागदावर दाखव.
कागद कुठला. घाणा होता.
शुक्रवारी दिवस बुडाला की बैल सोडायचे,
गाव आम्हाला शनवारतेली म्हणायचं,
गावाला तेवढा पुरावा पुरला.
आत्या उत्तर न देता कचेरीच्या पायरीवर
दोन दिवस उपाशी बसली, मराठीत.

मी म्हटलं, बाळ, नऊच राहायचं असेल तर जातो.
त्याने पुस्तक दिलं.
मी ते उलटं धरलं नाही, हे त्याने नीट पाहिलं.

सैनिकांसाठीच्या प्रार्थनेपर्यंत सगळं बरं चाललं.
तिथे नदाव नावाचा उंच मुलगा उठला,
चपला शोधू लागला.
मी तिथे होतो, म्हणाला, मला ह्याला आमेन म्हणायला लावू नका.
दाढीवाला ओरडला.
मागून कुणीतरी दाढीवाल्यावर ओरडलं: तू तर गेलाच नाहीस,
पुस्तकं वाचायची म्हणून सुटलास!
मग पंतप्रधान, मग निवडणूक, मग कुणाचे तरी आजोबा.
हिब्रू मला बेताची कळते, भांडण पूर्ण कळतं.
नऊ माणसांत मी पाच पक्ष मोजले.

कोपऱ्यात ओरेन. भावाला आज वर्ष झालं.
पान उघडलेलं, पानावर बोट.
एवढ्या आरड्यातही त्याने ते बोट हलवलं नाही.
त्या पानाला दहा लागतात.

मी बाहेर गेलो. नदाव विहिरीच्या कठड्यावर,
ओठांत न पेटवलेली सिगरेट.
समजावलं नाही. मी काय समजावणार,
बत्तीस वर्षं कॉम्प्रेसर दुरुस्त केलेत.
एवढंच म्हटलं, त्या पानावर सैन्याचं नाव नाही.
मरणाचंही नाही.
मला पाठ आहे, बापासाठी अकरा महिने म्हटलंय,
कधी दहा मिळायचे, कधी नुसती माडांची रांग.
तो म्हणाला, आणि ज्यांना आम्ही मारलं त्यांच्यासाठी किती लागतात?
मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.
मग उठलो, कारण गुडघा धरला होता.

आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत,
दहा शब्दांची एक ओळ म्हणतात,
माणसागणिक एक शब्द.
दाढीवाल्याने नऊ वापरले
आणि दाराकडे बघत राहिला.
उंबरठ्यावर नदाव,
एक पाय फरशीवर, दुसरा व्हरांड्यात, चपलेत.
दहावा शब्द त्याच्या दाढीत तसाच.

ओरेन थांबला नाही.
त्याने सुरू केलं, आम्ही उभे राहिलो,
फाटकातला शिपाईही, काही न कळून.
आमेन कुठे म्हणायचं ते मला पाठ होतं.
दारातून कुणी म्हटलं की नाही
ते भरतीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.